टॉवरची वीज आणि बॅटरी: गावोगावी वायरलेस इंटरनेट चालवणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणातल्या सड्यांवर आणि घाटमाथ्याच्या टेकड्यांवर वायरलेस इंटरनेटचे छोटे टॉवर उभे करणारी बरीच मंडळी आता झाली आहेत. बारा-पंधरा मीटरचा लोखंडी पोल, वर चार-पाच रेडिओ, पायथ्याशी पत्र्याची पेटी आणि त्यावर अवलंबून पाच-दहा वाड्या. रेडिओ कुठला घ्यावा हे विचारणारे फोन आम्हाला क्वचित येतात. वीज गेल्यावर काय करायचे, हे विचारणारे मात्र रोज येतात, आणि ते बरोबरच आहे. टॉवर बंद पडला की शाळेचा फॉर्म अडतो, सेवा केंद्रावर रांग थांबते, मुंबईतल्या मुलाचा व्हिडिओ कॉल लागत नाही. नेहमी येणारे प्रश्न इथे सोप्यापासून अडचणीच्या प्रश्नांपर्यंत एकत्र केले आहेत.

१. माझ्या टॉवरला नक्की किती वॅट लागतात, हे कसे काढू?

मोजून. रेडिओबरोबर आलेल्या अडॅप्टरवर "२४ व्होल्ट १ अँपिअर" लिहिलेले असते म्हणून रेडिओ २४ वॅट खातो असे नसते. ती अडॅप्टरची ताकद झाली. रेडिओ प्रत्यक्षात ७-८ वॅटवर चालत असतो. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर घ्या आणि रात्री नऊच्या सुमारास, सगळे ग्राहक चालू असताना, बॅटरीच्या वायरवर लावा. दुपारी मोजलेला आकडा कमी येतो.

पुढच्या उत्तरांसाठी एक टॉवर गृहीत धरू: तीन सेक्टर रेडिओ (ग्राहकांना सिग्नल देणारे) प्रत्येकी ८ वॅट, दोन लिंकचे रेडिओ (टॉवरला टॉवर जोडणारे) प्रत्येकी १० वॅट, राउटर आणि स्विच मिळून १० वॅट. एकूण ५४. केबल आणि कन्व्हर्टरमध्ये जाते ते धरून ६० वॅट, म्हणजे दिवसाला १,४४० वॅट-तास. हा आकडा लक्षात ठेवा.

२. बॅकअप किती तासांचा ठेवावा?

"चार तास पुरेल" असे अंदाजाने ठरवू नका. दोन गोष्टी विचारा. पहिली, गेल्या वर्षभरात सलग सर्वांत जास्त वेळ वीज कधी गेली होती? दुसरी, भर पावसात तुम्हाला त्या टेकडीवर पोचायला किती वेळ लागतो? या दोन्हींपैकी जे मोठे, तेवढा तरी बॅकअप हवा.

वीज कुठल्या फिडरवरून, म्हणजे सबस्टेशनपासून निघालेल्या कुठल्या लाइनवरून, येते तेही बघा. महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी गावठाण फिडर आणि शेतीचा फिडर वेगळे केलेले आहेत. टॉवर माळावर असेल आणि जवळच्या विहिरीवरच्या पंपाच्या लाइनवरून कनेक्शन घेतले असेल, तर वीज दिवसातून ठरावीक तासच मिळेल, तीही कधी दिवसा तर कधी रात्री. वायरमनला नम्रपणे विचारले की तो दोन मिनिटांत सांगतो. गावठाण फिडरसाठी चार खांब जास्त टाकावे लागले तरी ते पैसे बॅटरीतून वसूल होतात.

आमचा ठोकताळा: गावातल्या घरावरचा टॉवर असेल तर १२ तास, चालत जावे लागणारी टेकडी असेल तर किमान २४ तास, आणि ज्या टॉवरवरून पुढचे टॉवर जोडलेले आहेत तिथे ४८ तास. शेवटच्या प्रकाराकडे लोक सर्वांत जास्त दुर्लक्ष करतात. मागच्या चार टॉवरांच्या बॅटऱ्या भरलेल्या असतात आणि मधला एक बसल्याने सगळे अंधारात जातात.

३. मग बॅटरी किती एएचची (अँपिअर-तासांची) घ्यायची?

वरचाच टॉवर घेऊ. २४ तास, १,४४० वॅट-तास.

लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवायची नाही, म्हणून दुप्पट: २,८८० वॅट-तास. ४८ व्होल्टला भागले की ६० एएच. बॅटरी जुनी होत जाते, दोन-तीन वर्षांनी तिची क्षमता ८० टक्क्यांवर येते, ते धरून ७५ एएच. बाजारात १२ व्होल्ट १०० एएचच्या बॅटऱ्या सहज मिळतात, तशा चार घ्या आणि एकापुढे एक जोडून ४८ व्होल्ट करा.

लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे आपण जिला नुसते लिथियम म्हणतो ती, ८५ टक्क्यांपर्यंत वापरता येते. १,४४० भागिले ०.८५ म्हणजे सुमारे १,७००. जुनेपणाचा हिशोब धरून २,१००. ५१.२ व्होल्ट ५० एएचचा एक पॅक २,५६० वॅट-तासांचा असतो. काम झाले.

लेबल वाचताना "सी१०" की "सी२०" हे पाहा. तीच बॅटरी वीस तासांत रिकामी केली तर जास्त एएच देते आणि दहा तासांत केली तर कमी. टॉवरचा भार हळू खाणारा असल्याने हा फरक आपल्या बाजूचा आहे. पण दोन दुकानांतले भाव ताडून बघताना एकाचा सी१० आणि दुसऱ्याचा सी२० असेल तर तुलना फसते.

४. १२, २४ की ४८ व्होल्ट?

नवा टॉवर असेल तर ४८. कारण केबल. साध्या २४ गेजच्या तांब्याच्या नेटवर्क केबलमध्ये एका तारेचा रोध १०० मीटरला सुमारे ८.४ ओहम असतो. पीओईमध्ये, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच रेडिओला वीज देण्याच्या पद्धतीत, जायला दोन तारा आणि यायला दोन तारा वापरल्या, तर जाऊन-येऊन एकूण रोधही तेवढाच भरतो. ४० मीटर केबलला ३.४ ओहम झाले. २० वॅटचा रेडिओ ४८ व्होल्टवर दीडेक व्होल्ट गमावतो, म्हणजे काहीच नाही. तोच २४ वर चालवला तर जवळजवळ साडेतीन व्होल्ट वाटेतच जातात.

आता केबल तांब्याची नसून तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असेल, तर रोध दीडपट होतो. बाजारात स्वस्त मिळणारी बरीच केबल अशीच असते. एक तार चाकूने खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर ती टॉवरवर चढवू नका.

सगळे रेडिओ जुने, २४ व्होल्टचेच असतील तर २४ ठेवा, त्यासाठी कन्व्हर्टरची माळ लावू नका. १२ व्होल्ट फक्त एका रेडिओच्या घरगुती जागेला.

५. घरचा इन्व्हर्टर आणि बॅटरी आहेच. तीच लावली तर?

चालते, पण बॅटरीतला बराच भाग वाया जातो. बॅटरीचे १२ व्होल्ट इन्व्हर्टर २३० करतो, अडॅप्टर ते पुन्हा २४ करतो, रेडिओ आत ते ३.३ करतो. पहिल्या दोन पायऱ्यांतच साधारण ३० टक्के जातात. शिवाय इन्व्हर्टर नुसता चालू राहायला १५-२० वॅट खातो. पंख्या-दिव्यांच्या घरात ते जाणवत नाही, पण ६० वॅटच्या टॉवरला तो पाव भार झाला. स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर स्वस्त अडॅप्टर तापतात आणि वर्षभरात एकेक करून जातात.

म्हणून बॅटरीपासून रेडिओपर्यंत डीसीच ठेवा. २३० व्होल्टवरून एक चांगला एसएमपीएस (एसीचे डीसी करून देणारा) चार्जर, त्याला बॅटरी, बॅटरीवरून थेट डीसी पीओई स्विच. वीज गेली तरी मध्ये काही बदलत नाही, एकही रेडिओ डोळा मिचकावत नाही.

६. ट्युब्युलर, एसएमएफ की लिथियम?

दहा वर्षांपूर्वी आम्ही डोळे झाकून ट्युब्युलर, म्हणजे पाणी घालावी लागणारी लेड-ॲसिड, सांगायचो. आता चालत जावे लागणाऱ्या प्रत्येक जागेला लिथियम सांगतो. पहिले कारण वजन. १५० एएचची एक ट्युब्युलर पाणी भरून पन्नास किलोच्या वर जाते. जांभ्याच्या निसरड्या पायवाटेवरून ती चौघांनी बांबूला टांगून नेलेली आम्हाला आठवते, आणि ॲसिड सांडून एकाची पँट जळालेलीही आठवते. १२ व्होल्ट १०० एएचचा लिथियम पॅक बारा-तेरा किलोचा. एक माणूस पाठीवर घेऊन जातो.

दुसरे कारण पुन्हा भरण्याचा वेग. लेड-ॲसिडचे शेवटचे २० टक्के भरायला तासन्‌तास लागतात, चार्जर कितीही मोठा लावा. वीज दिवसाला पाच-सहा तासच मिळत असेल तर ती कधीच पूर्ण भरत नाही, प्लेटांवर सल्फेट धरते आणि दीड वर्षात बसते. लिथियमला अर्धवट भरलेले राहणे बाधत नाही.

तरीही ट्युब्युलर दोन ठिकाणी योग्य आहे. एक, गावातल्याच घरावरचा टॉवर, जिथे वीज बहुतेक वेळ असते आणि डिस्टिल्ड वॉटर घालायला घरातलेच कोणी आहे. दोन, पैसा आत्ता नाही आणि टॉवर आत्ता हवा आहे. बंद, म्हणजे एसएमएफ बॅटरी पाणी मागत नाही हे खरे, पण उन्हाच्या पेटीत तिच्याइतकी लवकर दुसरी कुठलीच जात नाही. लेड-ॲसिड २५ अंशांसाठी बनवलेली असते, आणि वरच्या प्रत्येक आठ-दहा अंशांना आयुष्य साधारण निम्मे होते. मे महिन्यात बंद पत्र्याच्या पेटीत हात घालून बघा, मग हिशोब सांगावा लागत नाही (पेटीबद्दल प्रश्न १४ पाहा).

७. जुना चार्जर ठेवून फक्त बॅटरी लिथियमची केली तर चालेल का?

चार्जरचे व्होल्टेज बदलता येत असेल तरच. इथे चुका महाग पडतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

४८ व्होल्टच्या लिथियम पॅकमध्ये कधी १५ सेल असतात, कधी १६. प्रत्येक सेल ३.२ व्होल्टचा. सोळाचा पॅक ५१.२ चा होतो. १६ सेलच्या पॅकचे सेटिंग १५ च्या पॅकला लावले तर बीएमएस (पॅकच्या आतले सेल सांभाळणारे सर्किट) चार्जिंग तोडत राहते, म्हणून विकत घेताना सेल किती हे विचारा आणि पॅकवर मार्करने लिहून ठेवा.

सेल ३.६५ व्होल्टपर्यंत भरता येतो, म्हणजे सोळाचा पॅक ५८.४ पर्यंत. पण पीओईच्या ८०२.३एएफ आणि ८०२.३एटी या मानकांची वरची मर्यादा ५७ व्होल्ट आहे. स्विच थेट बॅटरीवर असेल तर पूर्ण भरलेली बॅटरीच स्विचला मारते. म्हणून सेलमागे ३.४५ ते ३.५०, म्हणजे ५५.२ ते ५६ व्होल्टवर चार्जिंग थांबवा. क्षमता किंचितच कमी मिळते, आणि सेलही जास्त टिकतात.

खालच्या बाजूलाही मर्यादा आहे. ८०२.३एटीला पाठवणाऱ्या टोकाला किमान ५० व्होल्ट लागतात. ४८ व्होल्टची लेड-ॲसिड बँक निम्मी उतरली की ४९ च्या खाली येते. बॅटरीत जीव असतो आणि एटीवर चालणारे रेडिओ मात्र गळायला लागतात. लेड-ॲसिडवर एटीचे रेडिओ चालवायचे असतील तर आत व्होल्टेज वाढवून देणारा पीओई स्विचच घ्या. सोळा सेलचा लिथियम पॅक जवळजवळ शेवटपर्यंत ५१-५२ च्या आसपास टिकतो, त्यामुळे ही अडचण येत नाही.

आमच्या एका टॉवरवर उलटी चूक झाली होती. चार्जर ट्युब्युलरच्या सेटिंगवर राहिला आणि त्यावर चार एसएमएफ बॅटऱ्या जोडल्या. तीन महिन्यांनी पेटी उघडली तर चारही बॅटऱ्या पोटाला फुगलेल्या, एकमेकींत इतक्या घट्ट अडकलेल्या की पेटीची बाजू कापून काढाव्या लागल्या. एसएमएफला फ्लोट (भरल्यावर धरून ठेवायचे व्होल्टेज) १२ च्या एका बॅटरीमागे साधारण १३.५ ते १३.८ व्होल्ट, आणि गरमीत त्याहून कमी. चार्जरला तापमान मोजणारी वायर असेल तर ती पेटीत लोंबकळत न ठेवता बॅटरीच्या अंगाला चिकटवा.

८. चार्जर किती अँपिअरचा?

हे विजेच्या तासांवर ठरते. आपला ६० वॅटचा टॉवर ४८ वर सव्वा अँपिअर खातो, दिवसभरात ३० एएच. वीज आठ तास मिळत असेल तर ते ३० एएच आठ तासांत परत भरायचे: सुमारे चार अँपिअर, अधिक चालू भाराचे सव्वा. वीज चारच तास असेल तर साडेनऊच्या आसपास. म्हणून १० अँपिअरचा चार्जर, आणि शेतीच्या फिडरवर १५ चा.

लेड-ॲसिडला मात्र कमाल प्रवाहाचीही मर्यादा आहे. ट्युब्युलरला एएचच्या दहा टक्के हा रूढ आकडा, म्हणजे १०० एएचला १० अँपिअर. लिथियमला पॅकच्या कागदावर लिहिलेले असते, ते पाहा.

९. आमच्याकडे वीज असते, पण व्होल्टेज १६०-१७० वर येते. चार्जर बंद पडतो.

रब्बीत पंप सुरू झाले की लाइनच्या शेवटच्या टोकाला असे होतेच. उपाय स्टॅबिलायझर नाही. ९० ते २६४ व्होल्ट घेणारा एसएमपीएस घ्या. तो १६० वरही पूर्ण काम करतो. काही एसएमपीएसवर ११५ आणि २३० चे छोटे बटण असते, तसला घेऊ नका.

खरी भीती उलट बाजूची आहे. वादळात लाइनचा न्यूट्रल तुटला की एका फेजवर व्होल्टेज ४०० च्या जवळ जाऊ शकते, आणि पेटीतले सगळे एका क्षणात जळते. त्यासाठी मीटरनंतर ओव्हर-अंडर व्होल्टेज तोडणारा रिले बसवा. पुन्हा जोडायला तीन मिनिटांचा उशीर ठेवा.

१०. बॅटरी आहे, तरी रात्री टॉवर दर पाच मिनिटांनी बंद-चालू होतो. रेडिओ खराब आहे का?

बहुधा नाही. रेडिओ बदलण्याआधी दोन गोष्टी तपासा.

पहिली केबल. प्रश्न ४ मधला २० वॅटचा रेडिओ २४ व्होल्टवर, ४० मीटर मुलाम्याच्या केबलवर घ्या. बॅटरी २४ ला असताना रेडिओपाशी साडेअठरा व्होल्ट पोचतात. बॅटरी २२ वर आली की साधारण १५. रेडिओ हवे तेवढे वॅट ओढण्यासाठी जास्त प्रवाह घेतो, जास्त प्रवाहाने व्होल्टेज आणखी पडते, आणि तो स्वतःला रिस्टार्ट करतो. दिवसा सगळे ठीक दिसते कारण चार्जर व्होल्टेज वर धरून ठेवतो.

दुसरी, बॅटरी तोडणारा कट-ऑफ. समजा तो ४३.२ व्होल्टला भार तोडतो. भार गेला की लेड-ॲसिडचे व्होल्टेज आपोआप ४६-४७ वर उसळते. कट-ऑफ ४५ ला पुन्हा जोडण्यावर ठेवला असेल तर तो लगेच जोडतो, व्होल्टेज पडते, पुन्हा तोडतो. पुन्हा जोडण्याची पातळी ५० च्या वर ठेवा, म्हणजे वीज आल्याशिवाय टॉवर उठणार नाही.

११. नुसत्या सोलरवर टॉवर चालेल का?

देशावर, सोलापूर-अहिल्यानगरकडे, होय. कोकणात आणि घाटमाथ्यावर जुलैचा हिशोब केल्याशिवाय नाही.

उन्हाळ्यात पॅनेलला रोज पाच-साडेपाच तासांचे पूर्ण ऊन मिळते. तारा, बॅटरी, गरमी, धूळ यांत जाते ते धरून ७० टक्के हाताशी राहते. १,४४० वॅट-तासांना पावणेचारशे वॅटचे पॅनेल पुरते. जुलैत पूर्ण उन्हाचे तास अडीचवर आले की त्याच टॉवरला आठशेच्या वर वॅट लागतात. म्हणजे ३३०ची तीन पॅनेल. आणि जुलैत सलग चार-पाच दिवस ढग सड्यावर टेकलेले असतात तेव्हा तेवढीही पुरत नाहीत. म्हणून पावसाळी भागात सोलर हे विजेच्या जोडीला. एप्रिल-मेची सरासरी दाखवून "फक्त सोलर" विकणाऱ्याला जुलैचे आकडे विचारा.

पॅनेल पोलवर लावू नका. तीन पॅनेल म्हणजे पाच चौरस मीटरचे शीड झाले आणि पोल त्यासाठी बांधलेला नसतो. पायथ्याशी किंवा घराच्या स्लॅबवर, दक्षिणेला तोंड करून, पावसाने धुतले जाईल इतक्या उतारावर बसवा.

१२. पॅनेलवरून बॅटरी भरणाऱ्या सोलर कंट्रोलरच्या "लोड" टोकांवर रेडिओ थेट जोडू का?

आधी दोन गोष्टी तपासा. तिथे बॅटरीचेच व्होल्टेज मिळते. २४ व्होल्टच्या लेड-ॲसिडवर बूस्टच्या (जोरात भरण्याच्या) वेळी ते २८.८, आणि इक्वलायझिंग (मुद्दाम थोडे जास्त भरणे) चालू असेल तर २९.६ पर्यंत जाते. रेडिओच्या कागदावर कमाल किती लिहिले आहे ते पाहा. न पेलणारा असेल तर मध्ये स्थिर २४ देणारा कन्व्हर्टर हवा.

दुसरे, बऱ्याच स्वस्त पीडब्ल्यूएम (साध्या पद्धतीच्या) कंट्रोलरांत पॉझिटिव्ह सगळीकडे एकच असतो आणि तोडजोड निगेटिव्हवर होते. रेडिओच्या शील्ड केबलमधून निगेटिव्ह पोलला आणि पोलवरून अर्थला लागला, तर कंट्रोलरला भार तोडताच येत नाही. रात्रभर बॅटरी उतरत राहते आणि कट-ऑफचा दिवा मात्र लागलेला दिसतो. टॉवरसाठी निगेटिव्ह सामाईक असलेला एमपीपीटी (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा) कंट्रोलर घ्या.

१३. मोबाइल कंपनीच्या मोठ्या टॉवरवर जागा मिळाली. तिथले ४८ व्होल्ट घेता येतील का?

घेता येतील, पण ते वजा ४८ असतात. टेलिफोनच्या जुन्या पद्धतीप्रमाणे तिथे पॉझिटिव्ह अर्थ केलेला असतो. जमिनीतल्या तांब्याच्या तारा अर्थच्या मानाने ऋण ठेवल्या की कमी गंजतात, म्हणून ती पद्धत पडली. आपल्या वायरलेसच्या बहुतेक सामानात निगेटिव्ह अर्थला असतो. दोन्ही एकाच शील्ड केबलने किंवा एकाच रॅकच्या लोखंडाने जोडले गेले की तो सरळ शॉर्ट होतो, आणि मागे शेकडो एएचची बँक असते.

मध्ये आयसोलेटेड डीसी-डीसी कन्व्हर्टर लावा, ज्याच्या आत-बाहेरच्या बाजूंचा तारेने संबंध नसतो. जोडण्याआधी मल्टिमीटरने दोन्ही टोके अर्थशी मोजा. रंगावर विश्वास ठेवू नका, टेलिकॉममध्ये निळी तार वजा ४८ ची असते.

१४. पेटी कशी असावी?

पांढरी, सावलीत, वरून दुसरे छप्पर असलेली, तळाशी आणि वर बारीक जाळी लावलेली भोके असलेली. काळी किंवा करडी पेटी उन्हात ठेवू नका. तापलेल्या पेटीत लिथियम पॅकचे बीएमएस ५०-६० अंशांच्या दरम्यान कुठेतरी चार्जिंग बंद करते आणि लोकांना वाटते बॅटरी बिघडली. लेड-ॲसिड आणि इलेक्ट्रॉनिक्स एका कप्प्यात ठेवू नका, ॲसिडच्या वाफेने स्विचचे पाय हिरवे पडतात.

जाळी बारीक हवी ती पालीसाठी. आमचा एक एसएमपीएस उघडला तेव्हा आत पाल होती, एक पाय फेजच्या स्क्रूवर, शेपूट न्यूट्रलवर, वाळून कागदासारखी झालेली. ऊब आणि किडे मिळतात म्हणून त्या येतात. केबल आत येते ते भोक ग्लँडने बंद करा, टर्मिनलवर झाकण ठेवा. खाऱ्या हवेत बॅटरीच्या टोकांना घट्ट केल्यानंतर व्हॅसलीन लावा, आधी नाही.

१५. कातळावर अर्थिंग लागत नाही. आकाशातल्या विजेपासून बचाव कसा करायचा?

सड्यावरचा हा खरा प्रश्न आहे. जांभा मे महिन्यात कोरडाठाक असतो, तेव्हा अर्थचा रोध सर्वांत जास्त, आणि नेमका तेव्हाच वळवाचा गडगडाट सुरू होतो. एका खड्ड्यावर भागत नाही. माती साठलेल्या दोन-तीन खोलगट जागा शोधा, तिथे खड्डे घ्या, बेंटोनाइटसारखे ओल धरणारे मिश्रण भरा, आणि सगळे जीआय पट्टीने पोलभोवती कड्यासारखे जोडा. एप्रिल-मेमध्ये आठवड्याला दोन बादल्या पाणी घालायला घरमालकांना सांगून ठेवा.

रोध किती आला यापेक्षा सगळे एकाच ठिकाणी जोडले आहे का, हे महत्त्वाचे. पोल, पेटी, सर्ज प्रोटेक्टर, मीटरचा अर्थ वेगवेगळे ठेवले की जवळ वीज पडल्यावर त्यांच्यात हजारो व्होल्टचा फरक येतो आणि तो तुमच्या स्विचमधून वाट काढतो. थेट पोलवर पडली तर काहीच हमी नाही. म्हणून एक जोडलेला, सेट केलेला सुटा रेडिओ आणि एक एसएमपीएस घरी तयार ठेवा.

१६. जुन्या बॅटरीला नवी जोडून क्षमता वाढवू का?

नाही. लेड-ॲसिडमध्ये जुनी नवीला ओढून खाली आणते. लिथियमचे पॅक समांतर जोडता येतात, पण एकाच बनावटीचे, सारख्या सेलचे, आणि आधी दोन्ही पूर्ण भरून.

१७. घरबसल्या बॅटरी किती उरली हे कसे कळेल?

लेड-ॲसिडचे व्होल्टेज बरेच सांगते. भार नसताना स्थिर १२ व्होल्टच्या बॅटरीत १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. बऱ्याच राउटरांत आलेले व्होल्टेज दिसते. त्यावर एसएनएमपीने (नेटवर्कवरून उपकरणाची माहिती मागवण्याची पद्धत) नजर ठेवा. लिथियमचे व्होल्टेज ९० टक्क्यांपासून २० पर्यंत जवळपास सपाट असते, त्यावरून काही कळत नाही. तिथे शंट (प्रवाह मोजण्यासाठीची पट्टी) लावून गेलेले आणि आलेले एएच मोजणारा मीटर हवा, किंवा बीएमएसची माहिती देणारे पोर्ट.

पहिला निरोप "वीज गेली" हा हवा, "बॅटरी संपत आली" हा नव्हे. टेकडीवर निघायला तुमच्याकडे मग वीस तास असतात.

१८. घरमालकाला वीजबिलाचे किती द्यायचे?

६० वॅट म्हणजे दिवसाला दीड युनिटच्या आत, महिन्याला ४३. चार्जरमध्ये जाते ते धरून ५० युनिट म्हणा. वेगळा सबमीटर लावा आणि दर महिन्याला त्याचा फोटो घरमालकांना पाठवा. ज्या आजींच्या अंगणात आमचा पहिला टॉवर उभा आहे, त्यांना बिल वाढले की ते टॉवरमुळेच वाटायचे. सबमीटर बसला आणि ती शंका गेली. आता वीज गेली की त्यांचाच पहिला फोन येतो.

१९. चार-पाच दिवस वीज आलीच नाही तर?

३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड आणि मंडणगड-दापोली पट्ट्यातल्या कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. तेवढ्यासाठी कोणी बॅटरी बसवत नाही. त्यासाठी लागतो एक किलोवॅटच्या आसपासचा, उचलता येणारा पेट्रोल जनरेटर आणि पेटीच्या बाहेर ठेवलेला एक पुरुष (पिना बाहेर असलेला) प्लग. चार्जर १५ अँपिअरचा असेल तर लिथियम पॅक तीन-चार तासांत भरतो आणि टॉवरचा दिवस निघतो. एकच जनरेटर तीन टॉवरांवर फिरवता येतो. मीटरची लाइन आणि जनरेटर यांच्यात चेंजओव्हर स्विच हवाच. नाहीतर तुमच्या जनरेटरची वीज उलटी लाइनवर जाते आणि खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जातो.

आणि अशा वेळी भार कमी करा. लिंकचे रेडिओ आणि शाळा-दवाखान्याचा सेक्टर चालू ठेवून बाकीचे पीओई पोर्ट बंद केले की बॅटरी दीडपट पुरते. कुठले पोर्ट आधी बंद करायचे, ते मे महिन्यातच ठरवून पेटीच्या दारावर आतून चिकटवा.

२०. बॅटरीवर काम करताना आणि जुनी बॅटरी टाकताना काय पाळायचे?

अंगठी, कडे, घड्याळ काढा. पाना हातातल्या टोकापर्यंत इन्सुलेशन टेपने गुंडाळा. बॅटरीच्या अगदी जवळ डीसीचा फ्यूज किंवा डीसीसाठीच बनवलेला एमसीबी हवा. घरातल्या एसी एमसीबीने डीसीची ठिणगी विझत नाही, ती आतच जळत राहते. डीसी एमसीबीवर अधिक-वजा लिहिलेले असेल तर दिशा पाळा.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका, तो ॲसिड नाल्यात ओततो आणि शिसे चुलीवर वितळवतो. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ प्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, लेड-ॲसिड आणि लिथियम दोन्हींची. नवी घेताना दुकानदाराकडे जुनी द्या आणि बिलावर तिची किंमत वजा करून घ्या. फुगलेला लिथियम पॅक घरात ठेवू नका आणि टोचून बघू नका. टोकांवर टेप लावून, घरापासून दूर, सावलीत, वाळूच्या बादलीत ठेवा आणि लवकरात लवकर परत करा.